पुराच्या भोंग्याला खुणांची भाषा द्यावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की आपल्या दैनिकात पूरपूर्व तयारीच्या बातम्या येऊ लागतात. बोटींची डागडुजी झाली, लाइफ जॅकेटे मोजून ठेवली, नदीकाठच्या गावांतले भोंगे वाजवून पाहिले, हा मजकूर मी दर वर्षी लक्षपूर्वक वाचतो. भोंगा वाजतो की नाही याची खातरजमा होते, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु तो वाजल्यावर ऐकणाऱ्याने त्यातून नेमके काय समजायचे, हे ठरवून घरोघरी सांगितल्याचे मात्र माझ्या वाचनात कधी आलेले नाही. मी तारखात्यात तेहतीस वर्षे नोकरी केली आणि त्यांतली पहिली बरीच वर्षे मोर्सच्या यंत्रावर बसून काढली. दूरच्या माणसापर्यंत नुसत्या आवाजातून मजकूर कसा पोहोचवायचा, हेच माझ्या पोटापाण्याचे काम होते, म्हणून या विषयावर सविस्तर लिहीत आहे. पत्र लांबले तर आपण ते सांभाळून घ्याल, अशी आशा आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हाची एक रात्र मी विसरू शकत नाही. वीज गेलेली, फोन लागत नव्हते, आणि मध्यरात्रीनंतर कधीतरी भोंगा वाजू लागला. तो बराच वेळ वाजला आणि थांबला. गल्लीतले लोक अंधारात गॅलऱ्यांतून एकमेकांना विचारू लागले. कोणी म्हणाले पाणी आणखी वाढणार, कोणी म्हणाले बोट आली असेल, कोणाला वाटले धोका टळला. समोरच्या घरातले कुटुंब दोन दिवसांपासून वरच्या मजल्यावर अडकले होते. पाणी ओसरल्याचा हा भोंगा असावा असे समजून ते सामान घेऊन जिन्याने खाली आले आणि जिन्याच्या मध्यावर पाण्यात उभे राहिले. सुदैवाने सगळे परत वर गेले. सामान तेवढे वाहून गेले. त्या रात्री यंत्र नादुरुस्त नव्हते, वाजवणाऱ्याने हयगय केली असेही मला वाटत नाही. त्याच्या मनात काय होते हे त्याला पक्के ठाऊक असणार. ते आमच्यापर्यंत पोहोचेल अशी सोयच कोणी केलेली नव्हती.

अशी सोय करणे ही आपल्या मुलखाला नवी गोष्ट नाही. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली अफझलखान मारला गेला, तेव्हा गडावरून तोफेचे बार झाले आणि जावळीच्या रानात दबा धरून बसलेल्या मावळ्यांनी छावणीवर हल्ला केला. १६७० मध्ये कोंढाणा सर झाल्यावर गडावरच्या पागेच्या खोपटांना आग लावली आणि तिचा उजेड पाहून राजगडावर महाराजांना गड आल्याचे कळले, असे बखरकार सांगतो. या दोन्ही प्रसंगी संदेश निमिषार्धात पोहोचला, कारण बार म्हणजे काय आणि जाळ म्हणजे काय हे आधीच ठरलेले होते. पण हेही ध्यानात घ्यायला हवे की त्या खुणेतून एकच गोष्ट सांगता येत होती. जाळ दिसला म्हणजे गड आला. तानाजी पडला, हे त्या जाळाला सांगता आले नाही. ते सांगायला माणूसच जावा लागला.

आपल्याच जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव येथे रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो, घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद होतात, मुले अभ्यासाला बसतात, आणि साडेआठला पुन्हा भोंगा वाजला की ही बंदी उठते. हा उपक्रम मला फार मोलाचा वाटतो. पण तिथे दोन्ही वेळा भोंगा सारखाच वाजला तरी गोंधळ होत नाही, कारण अर्थ घड्याळ सांगते. पुराला अशी ठरलेली वेळ नसते. म्हणून पुराच्या भोंग्याने आपला अर्थ स्वतःच्या आवाजातूनच सांगितला पाहिजे, आणि ती युक्ती बिंदू व रेघ या दोनच खुणांतून अक्षरे सांगणाऱ्या मोर्सच्या लिपीत आहे.

तारऑफिसात ज्यांनी पाऊल ठेवले असेल त्यांना तो कट्ट-कडकट्ट आवाज आठवत असेल. पुष्कळांची समजूत अशी की यंत्रातून आखूड आवाज आला म्हणजे बिंदू आणि लांब आवाज आला म्हणजे रेघ. रेडिओवरच्या मोर्समध्ये ते खरे आहे. तारऑफिसातल्या आमच्या ठोके देणाऱ्या यंत्रातून, म्हणजे साऊंडरमधून मात्र लांब आवाज कधी निघतच नसे. तारेतून वीज आली की विद्युतचुंबक पितळी दांडी ओढून घेई, तेव्हा एक ठोका पडे; वीज थांबली की दांडी परत जाई, तेव्हा दुसरा. दोन ठोके लगोलग पडले तर बिंदू, मध्ये थोडा वेळ गेला तर रेघ. म्हणजे आम्ही ठोक्यांपेक्षा ठोक्यांमधली शांतता ऐकत होतो. आवाज स्पष्ट यावा म्हणून यंत्रामागे तंबाखूचा रिकामा पत्र्याचा डबा ठेवण्याची पद्धत होती, आणि सरावलेला तारमास्तर दुसऱ्या माणसाशी बोलता बोलता त्या डब्यातला मजकूर लिहून घेत असे.

या शांततेची मापे अगदी काटेकोर आहेत. बिंदूला जेवढा वेळ लागतो तो एक मात्रा धरला, तर रेघ तीन मात्रांची. एका अक्षरातल्या दोन खुणांमध्ये एक मात्रा थांबायचे, दोन अक्षरांमध्ये तीन मात्रा, आणि दोन शब्दांमध्ये सात. मिनिटाला वीस शब्दांच्या वेगाने तार द्यायची तर एका मात्रेला सेकंदाचा साधारण सतरावा भाग मिळतो. इंग्रजीतले ‘ए’ हे अक्षर म्हणजे एक बिंदू आणि एक रेघ. पण त्या दोहोंमध्ये चुकून तीन मात्रा थांबलात, तर तिकडचा माणूस ‘ई’ आणि ‘टी’ अशी दोन अक्षरे लिहितो. नवशिक्याचा हात ठोक्यांत चुकत नाही, थांबण्यात चुकतो. आमचे शिकवणारे मास्तर टेबलावर पेन्सिलीने मात्रा मोजत आणि ‘श्वास घ्या, मग पुढचे अक्षर’ असे बजावत. तबला शिकणाऱ्याला खालीची जागा कळावी लागते, तसेच ते होते.

कोणत्या अक्षराला कोणती खूण द्यायची हेही सहज म्हणून ठरलेले नाही, आणि ती हकिकत वृत्तपत्राच्या वाचकांना विशेष जवळची वाटेल. सॅम्युअल मॉर्स आणि त्याचा सहकारी आल्फ्रेड व्हेल यांनी वॉशिंग्टन ते बाल्टिमोर ही तार २४ मे १८४४ रोजी चालवून दाखवली. त्यांच्या लिपीची आखणी करताना छापखान्यातल्या खिळ्यांचा, म्हणजे अक्षरांच्या धातूच्या ठशांचा हिशेब वापरला गेला. छापखान्यात जे अक्षर जास्त लागते त्याचे खिळे जास्त ठेवलेले असतात. त्या हिशेबात ‘ई’चे १२,००० खिळे होते, ‘टी’चे ९,०००, आणि ‘झेड’चे अवघे २००. म्हणून ‘ई’ला एकच बिंदू मिळाला, ‘टी’ला एकच रेघ, आणि क्वचित येणाऱ्या ‘क्यू’ला लिपीच्या पुढच्या आंतरराष्ट्रीय रूपात रेघ-रेघ-बिंदू-रेघ अशी तेरा मात्रांची लांबलचक खूण मिळाली. जे वारंवार सांगावे लागते ते थोडक्यात सांगता यावे, हा त्यातला विचार आहे. आपल्याकडे खिळे जुळवून वर्तमानपत्र निघत असे त्या काळातल्या एखाद्या कंपोझिटरला विचारले, तर कान्याचा कप्पा किती लवकर रिकामा होई हे तो सांगेल. १८६५ साली पॅरिसच्या परिषदेत या लिपीचे सुधारलेले रूप आंतरराष्ट्रीय व्यवहारासाठी स्वीकारले गेले. देवनागरीतून तारा देण्याची सोय आपल्याकडे १९४९ साली झाली. तिच्यासाठी त्याच बिंदू-रेघांतून आपली अक्षरे बसवावी लागली.

थोडक्यात सांगण्याची आणखी एक युक्ती तारखात्यात होती आणि माझ्या सूचनेच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे. दिवाळी, लग्न, परीक्षेतले यश अशा प्रसंगांच्या शुभेच्छांची ठरावीक वाक्ये छापून त्यांना क्रमांक दिलेले होते. ग्राहकाने क्रमांक सांगितला की आम्ही तारेवरून तेवढा आकडा पाठवत असू आणि पलीकडचा तारमास्तर यादी पाहून पूर्ण वाक्य कागदावर उतरवी. एका आकड्यात अख्खे वाक्य जाई, कारण यादी दोन्हीकडे होती. भोंग्यातून मोर्सची पूर्ण लिपी वाजवावी असे मी मुळीच म्हणत नाही; लोकांनी ती शिकावी ही अपेक्षाही चुकीची ठरेल. तीन वाक्यांची एक यादी, प्रत्येक वाक्याला एक ठसठशीत खूण, आणि ती यादी प्रत्येक घरात, एवढे पुरे आहे.

रेल्वेत हे काम ब्लॉक यंत्राच्या, म्हणजे लगतच्या दोन स्टेशनांना जोडणाऱ्या यंत्राच्या घंटेवर चालत असे. मिरज जंक्शनवर माझे एक स्नेही नोकरीला होते, त्यांच्यापाशी बसून मी ते ऐकले आहे. गाडी दोन स्टेशनांमधल्या विभागात शिरली की पुढच्या स्टेशनाला तीन ठोके, विभागाबाहेर पडली की चार, आणि मार्गात अडथळा असेल तर सहा. पण त्याहून शहाणपणाची गोष्ट अशी, की पुढच्या स्टेशनाने तेच ठोके परत वाजवून दाखवायचे. परतीचे ठोके आले नाहीत तर संदेश पोहोचलाच नाही असे धरायचे. आम्हीही तारेतले आकडे शेवटी पुन्हा पाठवून पडताळून घेत असू. पुराच्या भोंग्यात परत वाजवून दाखवण्याची ही पद्धत आणणे अवघड नाही. वरच्या गावाचा भोंगा खालच्या गावाने ऐकला की त्याने तीच खूण आपल्या भोंग्यावर वाजवावी. त्यामुळे खबर खाली सरकेल आणि ती पोहोचल्याचे वरच्यांना कळेल. भिलवडी, अंकलखोप या पट्ट्यात गावे एकमेकांना इतकी लागून आहेत की तिथे याचा प्रयोग चांगला होईल.

आता खुणा कशा असाव्यात याविषयी. ‘ध’चा ‘मा’ झाल्याची कथा मराठी माणसाला सांगायला नको. ‘धरावे’ आणि ‘मारावे’ या शब्दांत एका अक्षराचेच अंतर होते, म्हणून ते पुसून दुसरे लिहिणे सोपे गेले. संकेत रचणाऱ्याने पहिली काळजी हीच घ्यायची असते की ज्या दोन संदेशांची अदलाबदल घातक ठरेल, त्यांच्या खुणा एकमेकींपासून दूर असाव्यात. एखादा ठोका वाऱ्यात हरवला तरी एका खुणेची दुसरी होता कामा नये. रिचर्ड हॅमिंग या गणितज्ञाने १९५० मध्ये हे अंतर मोजण्याची रीत मांडली आणि आजची संगणकीय यंत्रणा चुका पकडण्यासाठी तिचा आधार घेते. तयारीसाठी दोन वेळा आणि निघण्यासाठी तीन वेळा भोंगा, असे कोणी सुचवील तर ते मला म्हणूनच मान्य होणार नाही. धो धो पावसात एक भोंगा ऐकू आला नाही, तर निघण्याची सूचना तयारीची होऊन बसेल.

दुसरी अडचण यंत्राची आहे. मोटारीवर फिरणारा भोंगा पूर्ण आवाज गाठायला काही सेकंद घेतो आणि बंद केल्यावरही कण्हत राहतो. त्यावर मोर्सच्या वेगाने बिंदू वाजवायला गेलात तर सगळे एकमेकांत मिसळेल. जहाजांवरच्या संदेशदिव्यांत हीच अडचण होती. बल्ब विझायला वेळ लागतो, म्हणून दिवा पेटताच ठेवून त्याच्यापुढे झडप उघडझाप करण्याची व्यवस्था केली गेली. भोंग्यापुढे झडप लावता येत नाही, तेव्हा मात्राच मोठी घ्यावी लागेल. पाच सेकंदांची एक मात्रा धरावी असे मला वाटते. आखूड भोंगा एका मात्रेचा, लांब तीन मात्रांचा, मधले थांबणे एका मात्रेचे.

त्या मापाने माझी सूचना अशी आहे. आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, हे सांगलीकरांना पाठ आहे. पाणी ४० फुटांकडे जाऊ लागले की तीन आखूड भोंगे, मग अर्धा मिनिट शांतता, आणि हे पुन्हा पुन्हा: याचा अर्थ जनावरे सोडा, कागदपत्रे आणि औषधे हाताशी घ्या. ४५ फुटांच्या आधी घर सोडायचे असेल तेव्हा लांब-आखूड, लांब-आखूड असा भोंगा न थांबता दहा मिनिटे: याचा अर्थ ताबडतोब निघा. धोका टळला की दोन मिनिटांचा एकच सलग भोंगा. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत ज्यांनी भोंगे ऐकले त्यांना आठवत असेल की चढउताराचा आवाज म्हणजे धोका आणि सलग आवाज म्हणजे धोका टळला, असाच संकेत होता; नागरी संरक्षणाच्या त्या खुणांशी आपल्या खुणा विसंगत असू नयेत, म्हणून मी ही रचना धरली आहे. पहिल्या खुणेतला एखादा भोंगा हरवला तरी उरलेले आखूडच राहतात आणि दुसऱ्या खुणेतला आखूड भोंगा हरवला तरी लांब भोंगे ऐकू येतातच. तिसऱ्या खुणेबाबत माझा एक आग्रह आहे: ती दिवसाउजेडीच वाजवावी. धोका टळला असे चुकून समजण्याची किंमत सर्वांत जास्त असते, हे मी समोरच्या जिन्यावर पाहिले आहे.

भोंगा विजेवर चालतो आणि पुरात पहिली वीजच जाते, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर खुणांच्या स्वभावातच आहे. खूण एकदा ठरली की ती कोणत्याही साधनावर चालते. तीच लांब-आखूड खूण देवळाच्या घंटेवर लगोलग ठोके आणि विश्रांती यांतून देता येते, बॅटरीच्या उजेडाने नदीपलीकडे दाखवता येते, शिट्टीवर वाजवता येते. आणि आपल्याकडे तर हलगी आहे. कुस्तीच्या फडातली हलगी आणि वरातीतली हलगी यांतला फरक आमच्या भागातले लहान मूल घरात बसून सांगते. त्याला कोणी तो शिकवलेला नसतो. ठोक्यांच्या बांधणीतून अर्थ ओळखण्याची एवढी तयारी ज्या गावांत आहे, तिथे दवंडीच्या हलगीला पुराचा एक ठेका ठरवून देणे कितीसे कठीण आहे? १९०६ मध्ये बर्लिनच्या परिषदेत तीन बिंदू, तीन रेघा, तीन बिंदू ही संकटाची खूण ठरली, ती अक्षरांचा अर्थ पाहून नव्हे, तर कोणत्याही गोंगाटात चटकन ओळखू येते म्हणूनच.

मोबाइलवर इशारा येतो, मग हे सगळे कशाला, असेही मला विचारले गेले आहे. मोबाइलच्या इशाऱ्याला माझा विरोध नाही, तो हवाच. त्यातही शेवटी विजेच्या असण्या-नसण्याच्या खुणांची ठरलेली बांधणीच धावत असते. नोकियाच्या जुन्या फोनवर संदेश आल्यावर तीन आखूड, दोन लांब, तीन आखूड असा जो नाद होई, तो मोर्समधला ‘एस एम एस’ होता, आणि हजारो लोक तो वर्षानुवर्षे ऐकत होते. पण फोनला मनोरा लागतो, मनोऱ्याला वीज लागते, आणि २०१९ मध्ये ती साखळी कशी तुटली हे आपण पाहिले. हौशी रेडिओ चालवणारी मंडळी अशा वेळी अजूनही मोर्स का वापरतात, तर आवाजातल्या बोलण्याला जेवढा कंपनपट्टा लागतो त्याच्या लहानशा भागात मोर्सचा संदेश बसतो. सगळी शक्ती तेवढ्यातच एकवटल्याने साध्या बॅटरीवरही तो खरखराटातून दूर पोहोचतो.

१४ जुलै २०१३ च्या रात्री आपल्या देशातल्या शेवटच्या तारा स्वीकारल्या गेल्या. त्या सेवेचे दिवस संपले होते, याबद्दल माझी तक्रार नाही. पण यंत्राबरोबर ती शिस्तही अडगळीत जावी, हे मला पटत नाही. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी गल्लीतल्या मुलांना वरच्या तीन खुणा शिकवल्या. एका मुलाने घाटावर हलगी वाजवायची आणि बाकीच्यांनी दूर जाऊन ऐकलेली खूण वहीत लिहायची, असा आमचा सराव चालला. पहिल्या दिवशी निम्म्या वह्या चुकल्या, कारण वाजवणारा थांबायला विसरत होता. चौथ्या दिवशी एकही चुकली नाही. नदीकाठच्या प्रत्येक शाळेत हे काम एका तासात होण्यासारखे आहे.

आपल्याला विनंती अशी की तीन खुणांचा एक छोटा तक्ता जाणकारांकडून तपासून घेऊन तो पावसाळ्याआधी सलग आठवडाभर आपल्या दैनिकात छापावा, म्हणजे लोक तो कापून दारामागे चिकटवतील. आणि भोंगा वाजवून रंगीत तालीम घ्यायची तर तिची परवानगी नेमकी कोणत्या कार्यालयातून घ्यावी लागते, एवढे आपल्या वार्ताहराने विचारून कळवावे. तालमीच्या दिवशी वेगवेगळ्या गल्ल्यांत उभे राहून ऐकलेली खूण लिहून घेणारी चौदा मुले आमच्याकडे तयार आहेत.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त तारमास्तर, सांगली